टीबी-३०३ला फसलेली नक्कल म्हणू नका
तुमचा लेख आवडला, पण रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ या बेसचे सूर वाजवणाऱ्या सिंथेसायझरला ‘बेस गिटारची फसलेली नक्कल’ म्हणून एका वाक्यात उडवलंत, ते पटलं नाही. त्यातल्या स्लाइडबद्दल लिहायला हवं होतं. यंत्र जी सुरावट आपोआप फिरवत वाजवतं, त्या सोळा पायऱ्यांच्या पॅटर्नमध्ये एखाद्या सुरावर स्लाइड लावला की पुढचा सूर नव्याने वाजतच नाही, आधीचाच घसरत त्याच्यापर्यंत जातो. आणि घसरायचा वेळ ठरलेला, मग अंतर कोमल रिषभाएवढं असो की अख्ख्या सप्तकाचं! त्यामुळे लांबची उडी खेचल्यासारखी ऐकू येते. त्यात फिल्टरचा कटऑफ (आवाज जिथून वर कापला जातो ती जागा) हाताने फिरवत राहिलं आणि रेझोनन्स (त्या जागेवरचा उठाव) चढवला की यंत्र चक्क बोलायला लागतं.

मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये हेच यंत्र, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. याच यंत्राच्या आवाजावर उभं राहिलेलं शिकागोचं नृत्यसंगीत, अ‍ॅसिड हाऊस, त्यानंतर काही वर्षांनी आलं. मींडेची सवय असलेल्या कानाला या स्लाइडची गंमत लगेच कळली असणार, असं मला ठामपणे वाटतं. त्या दहा रागांतला ललित चांगल्या हेडफोनवर ऐका. आणि पुढचा लेख त्यांच्यावर लिहाच, मराठीत फार कमी लिहिलं गेलंय.