रात्रीचे दहा नदीच्या दोन्ही काठांवर एकाच वेळी वाजतात

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांचा मेसेज. भाच्याच्या लग्नात पोलिसांनी ठीक दहाला डीजे बंद करायला लावला म्हणून ते चिडले होते. शेवटी लिहिलं होतं, "लॉन नदीपलीकडचं घ्यायला हवं होतं. तिकडे बारापर्यंत चालतं, तिकडचे नियम वेगळे आहेत." खाली अंगठ्यांची ही रांग! सुशिक्षित माणसं आहेत सगळी. दिवसभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

तिकडचे नियम वेगळे नाहीत हो. पुणे आणि पिंपरी-चिंचवड, मधे मुळा. महापालिका दोन आणि 15 ऑगस्ट 2018 पासून पोलीस आयुक्तालयंही दोन. पण ध्वनिप्रदूषणाचे नियम केंद्र सरकारचे, 2000 सालचे, अख्ख्या देशाला लागू. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सणासुदीला बारापर्यंतची सवलत मिळते तीही वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस, आणि ते दिवस ठरवतात जिल्हाधिकारी. दोन्ही शहरांना जिल्हाधिकारी एकच! म्हणजे दिवसांची यादीसुद्धा एकच. त्यात गणपतीचे, नवरात्रीचे दिवस असतात. कुणाच्या भाच्याचं लग्न नसतं.

वेगळं काय आहे, ते मला आमच्या मुलीच्या दहावीच्या वेळी कळलं. आमचं घर नदीकाठी. समोरच्या काठावर लॉन, म्हणजे दुसऱ्या शहराची हद्द. दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर आणि समोर डीजे. बेस असा की खिडकीची काच थरथरत होती, टेबलावरचा कर्कटक सरकत सरकत कडेला आला होता. खिडक्या लावल्या, पडदे ओढले, काही उपयोग नाही. शेवटी पोरगी प्रमेयांची वही घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसली, बादली पालथी घालून. कारण घरात नदीकडे खिडकी नसलेली तेवढी एकच जागा.

दहा वाजून गेल्यावर मी फोन केला. उत्तर मिळालं, "मॅडम, ते आमच्या हद्दीत येत नाही." पलीकडे फोन केला तर म्हणे, "तुम्ही राहता कुठे? मग तिकडे तक्रार करा." आवाज ज्या हद्दीतून निघतोय तिथेच तक्रार घ्यायला हवी, हे मी त्यांना समजावून सांगत होते, रात्री साडेदहाला, आणि माझी मुलगी बादलीवर बसलेली होती.

बरं, आवाज थोडाच महापालिकेचा नकाशा बघून थांबतो! उलट रात्री पाण्यावरची हवा गार झाली की तो आणखी लांबवर येतो. नदीकाठी राहणाऱ्या कुणालाही विचारा.

आणि दहाच्या आधी वाट्टेल तेवढं वाजवायची मुभा आहे, हा आणखी एक गैरसमज. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल, रात्रीची 45. स्पीकर लावला तरी त्या जागेच्या हद्दीवर मर्यादेपेक्षा फार तर 10 जास्त चालतात, म्हणजे दिवसाही 65. साध्या गप्पांचा आवाज 60 च्या आसपास असतो. आता सांगा, तुमच्या ओळखीतला कुठला डीजे त्यात बसतो? संध्याकाळी सातलासुद्धा तो बेकायदाच असतो. दहापर्यंत आपण सहन करतो, म्हणून त्यांना तो हक्क वाटायला लागलाय.

आता कुणीतरी येऊन विचारणार, भोंगे दिसत नाहीत का? दिसतात. नियम त्यांनाही हाच. लाऊडस्पीकर हा कुठल्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितलंय. मला सगळेच बंद हवे आहेत, माझ्या घरच्या लग्नातलेसुद्धा.

डीजेवाल्या पोरांचं पोट सीझनवर आहे, हे मान्य. आवाज कमी ठेवला म्हणून कुणी त्यांचे पैसे कापत नाही.

मला सगळ्यात जास्त लागतं ते 'सवाई'चं. भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ 1953 ला सुरू केलेला शास्त्रीय संगीताचा महोत्सव. आमचे बाबा सतरंजी, शाल आणि थर्मास घेऊन जायचे ते उजाडल्यावर परत यायचे. मध्यरात्रीनंतरचा दरबारी, पहाटेचा ललत त्या त्या वेळेला समोर बसून ऐकलेली ती पिढी. नियम आले आणि महोत्सवाने मान तुकवली. आता बैठक रात्री दहाला संपते, एखाद्या दिवशी परवानगीने बारा. पहाटेचे राग गेले. बाबांना वाईट वाटलं, पण "कायदा आहे, पाळायला हवा" एवढंच म्हणाले. त्यांच्यासारख्यांनी ललत सोडला, आणि ह्यांना वरातीतलं एक गाणं सोडवत नाही?

खरं तर मघाशी लिहायला बसले तेव्हा काकांवर जास्त राग होता. आता तेवढा नाही. घरचं कार्य, पाहुणे नाचताहेत, मधेच सगळं थांबवावं लागलं की वाईट वाटतंच. आणि त्यांच्याकडच्या पोलिसांनी आपलं काम चोख केलं, हेही त्यांच्याच तक्रारीतून कळलं! पण एका गोष्टीचा राग अजून जात नाही. त्या रात्री माझा फोन झाल्यावर थोड्याच वेळात मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. माझं नाव घेऊन. "ताई, एक दिवस ॲडजस्ट करा ना, लग्नघर आहे." माझं नाव त्यांच्यापर्यंत गेलं कसं? ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर, मुंबईच्या सुमैरा अब्दुलाली ह्यांच्यासारखी माणसं ह्या गोंगाटाविरुद्ध वर्षानुवर्षं कोर्टात लढली. उच्च न्यायालयाने 2016 मध्ये सविस्तर आदेश दिले. तक्रारदाराची ओळख उघड करायची नाही, हे कोर्टाने पोलिसांना बजावलंय. तरी माझं नाव लॉनवर पोचलं. त्या रात्री मी घाबरले होते. मुलगी बाथरूममधून विचारत होती, "आई, कोण होतं?"

त्यानंतर आमच्या मजल्यावरच्या कुणीच तक्रार केली नाही, मीसुद्धा नाही.

समोरच्या लॉनवर ह्या शनिवारी पुन्हा कार्य आहे, मांडवाचे बांबू आलेत. यंदा आमच्या विंगेत दोन मुलं दहावीला आहेत. दहा वाजून गेले की मी पलीकडच्या हद्दीत फोन करणार आहे, नाव न सांगता, आणि वेळ लिहून ठेवणार आहे. काठावरच्या मंडळींनो, अलीकडच्या आणि पलीकडच्याही, त्याच वेळी तुम्हीही करा. कोण करणार आहे ते खाली लिहू नका, मला मेसेज करा.