लेझरने दुखणं ‘मुळापासून’ जातं म्हणे!

मावशीने काल एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, “मागवू का रे?” मान-खांदा वर्षानुवर्षं धरलेलं माणूस असं विचारणारच, तिला काय बोलणार? राग आहे तो मजकूर लिहिणाऱ्याचा. त्याचं म्हणणं असं: घरगुती कोल्ड लेझरने (दुखऱ्या जागेवर धरायचं कमी ताकदीचं लेझर यंत्र) जुनं स्नायूदुखणं मुळापासून जातं, जितका वेळ धराल तितका गुण, गोळ्या-व्यायाम बंद करा, यंत्राला अमेरिकेच्या एफडीएची (औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) मान्यता आहे, आणि “किरण दिसतच नाहीत, त्यामुळे चष्म्याची भानगड नाही”.

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण त्याने एखाद्याची नजर जाईल. दिसत नाहीत म्हणूनच तर धोका! डोळ्यावर झगझगीत प्रकाश पडला की पापणी आपसूक मिटते. या उपचारातले 808 किंवा 830 नॅनोमीटर तरंगलांबीचे, म्हणजे लाल रंगाच्या पलीकडचे किरण जवळजवळ दिसतच नाहीत, मग पापणी मिटणार कशी? तेवढ्यात डोळ्यातलं भिंग तो झोत डोळ्याच्या आतल्या पडद्यावर एका बारीक ठिपक्यात गोळा करतं. पडद्याला वेदना होत नाही. भाजल्याचं कळतं ते नजरेत डाग दिसायला लागल्यावर. उपचाराचे बरेचसे लेझर धोक्यानुसार पाडलेल्या वर्गांपैकी 3बी वर्गातले, म्हणजे 5 ते 500 मिलिवॅटचे असतात, आणि आरशावरून किंवा अंगठीवरून परतलेला झोतही डोळ्याला इजा करायला पुरतो. चष्मा त्याच तरंगलांबीचे किरण अडवणारा लागतो, तोही देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही. उन्हाचा गॉगल इथे बिनकामाचा.

आता ‘मुळापासून’. यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. 2009 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मानदुखीवरच्या 16 चाचण्यांचा, 820 रुग्णांचा एकत्रित आढावा आला. जुन्या मानदुखीत 100 मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर (रुग्ण स्वतः खूण करून दुखणं किती ते दाखवतो ती पट्टी) दुखणं सुमारे 20 मिलिमीटरने उतरलं आणि आराम काही जणांत 22 आठवड्यांपर्यंत टिकला. आकडे वाईट नाहीत, गोळीला कंटाळलेल्याला तेवढंही पुष्कळ. पण दुखणं कमी होणं वेगळं आणि मुळापासून जाणं वेगळं. शिवाय हा आढावा मानेचा, आणि ठरावीक तरंगलांबी, ठरावीक मात्रेचा. तोच कागद कंबर, गुडघा, टाच सगळ्यांना चिकटवणं ही शुद्ध चलाखी आहे.

“जितका वेळ, तितका गुण” हे तर उलटंच. या उपचारात मात्रा कमी पडली तर परिणाम नाही, आणि जास्त झाली तरी परिणाम ओसरतो. म्हणून फिजिओथेरपिस्ट प्रत्येक बिंदूला किती ऊर्जा द्यायची हे मोजून ठरवतात. टीव्ही बघत तासभर खांद्यावर धरायची ही वस्तू नव्हे.

एफडीएचं म्हणाल, तर अशा यंत्रांना बहुतेकदा मिळतो तो विक्रीचा परवाना: बाजारात आधीपासून असलेल्या यंत्रासारखंच हे आहे, एवढाच त्याचा अर्थ. कित्येक लेझर तर उष्णता देणाऱ्या दिव्यांच्या वर्गात बसवलेले असतात. रोग बरा होतो असा दाखला त्यात कुठेही नसतो.

व्यायाम बंद करण्याबद्दल काय बोलायचं? जुन्या स्नायूदुखीत टिकाऊ फरक पडतो तो हालचालीनेच, लेझर असलाच तर तिच्या जोडीला. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही मनाने सोडायच्या नाहीत. आणि हाताला मुंग्या येत असतील, पकड सुटत असेल, रात्री दुखण्याने जाग येत असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल, तर आधी तपासणी. कॅन्सरच्या गाठीवर किंवा निदान न झालेल्या गाठीवर तर हा झोत मारायचाच नाही. फॉरवर्डमध्ये याचा उल्लेखसुद्धा नाही.