सीडीवर नावं दिसत नाहीत, या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. आजोबांच्या कीर्तनाची कॅसेट तुम्ही आमच्याकडून सीडीवर करून घेतलीत. लॅपटॉपवर नुसतं 'ट्रॅक १, ट्रॅक २' दिसतं आणि नेट चालू केलं की कुठल्यातरी परदेशी बँडचं नाव येतं, म्हणून तुम्ही एक स्टार दिलात. तुमचा वैताग समजतो. पण 'पैसे घेतले आणि नावं टाकलीच नाहीत' हे खरं नाही. नावं सीडीवर आहेत, तुमच्या लॅपटॉपवरचा विंडोज मीडिया प्लेअर ती वाचत नाही.

फिलिप्स आणि सोनीनं १९८० साली ऑडिओ सीडीचं प्रमाण ठरवलं, तेव्हा त्यात गाण्याच्या नावाला जागाच नव्हती. सीडीच्या सुरुवातीला, लीड-इनमध्ये, फक्त ट्रॅक किती आणि कुठला कुठे सुरू होतो एवढंच असतं. तेही मिनिट, सेकंद, फ्रेममध्ये. सेकंदाला ७५ फ्रेम. नावं लिहायची सोय, म्हणजे सीडी-टेक्स्ट, १९९६ साली आली. तीही लीड-इनमध्येच, १२-१२ बाइटच्या तुकड्यांत लिहिली जाते. तिच्यात देवनागरी बसत नाही, म्हणून तुमच्या सीडीवर पूर्वरंग आणि उत्तररंग रोमन लिपीत आहेत, आणि मराठी नावं कव्हरवर छापली आहेत.

आता त्या परदेशी बँडचं. सीडी-टेक्स्ट न वाचणारा प्लेअर ट्रॅकच्या वेळा नेटवरच्या यादीशी ताडून पाहतो. आवाज ऐकून ओळखत नाही. कॅसेटच्या दोन बाजूंचे तुमचे दोनच लांब ट्रॅक. ताडायला आकडे इतके थोडे, की दुसऱ्या एखाद्या दोन ट्रॅकच्या सीडीशी ते सहज जुळतात. बारा-पंधरा ट्रॅकच्या सीडीला हे क्वचित होतं. घरगुती कीर्तन त्या यादीत कोणी भरलेलंच नसतं, त्यामुळे खरं नाव तिथून मिळणारच नाही.

एकदा व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ओपन डिस्क'मधून ऑडिओ सीडी निवडून लावा. मीडिया प्लेअरच वापरायचा असेल तर चुकीच्या नावावर राइट क्लिक करून ते बदला. पण ती दुरुस्ती त्याच लॅपटॉपवर राहते, सीडीवर जात नाही. भावासाठी कॉपी काढणार असाल तर 'डिस्क ॲट वन्स' (सगळी सीडी एका दमात लिहिणं) पद्धतीनंच बर्न करा आणि सीडी-टेक्स्टचा पर्याय चालू ठेवा. 'ट्रॅक ॲट वन्स'मध्ये, म्हणजे एकेक ट्रॅक सुटा लिहिताना, लीड-इन शेवटी वेगळं लिहिलं जातं आणि नावं गळतात. एकदाच लिहिता येणारी सीडी, म्हणजे सीडी-आर, लिहून पूर्ण (फायनलाइज) केली की तिच्यावर नावं मागाहून घालता येत नाहीत.

व्हीएलसीतही नावं दिसली नाहीत तर सीडी घेऊन या, तुमच्यासमोर तपासू आणि गरज पडली तर नवी बर्न करून देऊ. येताना पेनड्राइव्ह आणा. त्याच रेकॉर्डिंगच्या फ्लॅक फायली (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या ऑडिओ फायली) देतो. त्यांच्या टॅगमध्ये, म्हणजे फायलीतच नाव-माहिती लिहायच्या जागेत, देवनागरी व्यवस्थित बसते, आजोबांचं पूर्ण नाव, आख्यान, साल, सगळं. याचे वेगळे पैसे नाहीत. मूळ कॅसेट मात्र टाकू नका.