कचऱ्याचे दोनच प्रकार

ओला, सुका आणि घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन प्रकार २०१६च्या नियमांत सांगितले होते. तुम्ही एवढ्या खोलात जाऊ नका. आपल्याकडं पिढ्यानपिढ्या दोनच प्रकार चालत आलेत, कंपाउंडच्या आतला आणि कंपाउंडच्या बाहेरचा. आतला दिसला की जीव कासावीस होतो. बाहेरचा महापालिकेचा.

तरी लोकलाजेखातर दोन बादल्या आणाच. हिरवी ओल्यासाठी, निळी सुक्यासाठी. हिरवी मजबूत निघाली तर कूलरमध्ये पाणी ओतायला ठेवा. जिथं नळाला रोज पाणी येत नाही, तिथं धडकी बादली कचऱ्यात घालणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. निळीत ज्वारीचं पीठ छान मावतं.

कचऱ्यासाठी कॅरीबॅग आहेच की. शिळी भाकरी, चहाचा चोथा, कांद्याची टरफलं, दुधाची पिशवी, नातवाचं डायपर, उडालेला सीएफएल दिवा, सगळं एकात कोंबा आणि वरून दोन गाठी मारा. उघडणाऱ्यानं दात लावले पाहिजेत. दिव्यात पारा असतो, पण तो काय आपल्या घरात सांडणार आहे? कॅरीबॅगचीही काळजी नको. जून २०१८ पासून राज्यात तिच्यावर बंदी आहे, आणि बंदी घातलेली वस्तू मुळात नसतेच, मग तिचं वर्गीकरण कसलं! गुटख्याचंही तेच. तो २०१२ पासून बंद आहे. टपरीसमोर चमकतात त्या पुड्या नव्हेत, आपल्या नजरेचा दोष.

देवाचे फुटके फोटो मात्र कचऱ्यात टाकू नका, पाप लागतं. ते रात्री पिंपळाच्या पारावर ठेवून या.

कुणी नारेगावचा, म्हणजे शहराच्या जुन्या कचरा डेपोचा, विषय काढला तर पाऊसपाण्याचं विचारा. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात, नारेगावच्या उकिरड्यानं तीन दशकांहून जास्त वाट पाहिली. ढिगाखाली ओलं दबलं की हवेअभावी मिथेन होतो आणि उन्हाळ्यात ढीग आपोआप धुमसतो. तो धूर तिकडच्यांनी खाल्ला. शेवटी फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांनी गाड्या अडवल्या. मार्चात त्या मिटमिट्याकडं वळवल्या, तर दगडफेक झाली. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, कचरा हाच. चौकाचौकांत ढीग साचले, तेव्हा आमच्या कॉलनीत रिटायर्ड माणसं माठाला भोकं पाडून खत करायला लागली होती. काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत, खोटं नाही सांगत. मग घंटागाडी नियमित झाली आणि माठात तुळस लागली.

पुढं कांचनवाडीला ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचा प्रकल्प उभारला. त्याचे नखरे जावयासारखे, त्याला ओलं म्हणजे निव्वळ ओलंच लागतं. भाजीच्या देठांत एक पिशवी गेली तरी साहेब रुसतात. त्याचे लाड कशाला?

गाडीवरची ताई म्हणेल, "काका, ओला-सुका वेगळा द्या ना." तिला ठरलेलं उत्तर द्या, "तुम्ही तरी पुढं एकत्रच करता ना!" हे वाक्य रामबाण आहे, मी कित्येक वर्षं वापरतोय. फक्त बोलताना गाडीत डोकावू नका. मधोमध पत्रा लावलेला असतो, तो दिसला की आवाज पडतो.

मागच्या महिन्यात मी पेपर वाचत ओट्यावर बसलो होतो. ताईनं आमच्या पिशवीची गाठ सोडली, आत हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. हातमोज्याची दोन बोटं फाटलेली होती. वरणभातात माझी इन्सुलिनची सुई होती. तिनं अंगठा दाबून धरला, सुई उचलून गाडीला टांगलेल्या बाटलीत टाकली आणि पुढच्या घराकडं गेली. मी पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "काका, बाकीचं राहू द्या. सुया तेवढ्या झाकणाच्या बाटलीत घालून द्या." बरं म्हणालो. आत येऊन पाहिलं तर रिकाम्या बाटल्या पाच-सहा होत्या. पण त्यांचे भंगारवाला पैसे देतो.