किट द्या, फोटो कशाला?

नाशिकच्या आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यंतरी चांगलीच जुंपली. कारण एक फोटो. वर्गातला एक मित्र 'निक्षय मित्र', म्हणजे सरकारी योजनेतून टीबीच्या रुग्णांना मदत करणारा दाता, झाला. त्याने अशा रुग्णांना पोषणाचे किट वाटले आणि कार्यक्रमाचा फोटो ग्रुपवर टाकला. मागे फ्लेक्स, त्यावर पाहुण्यांचे हसरे चेहरे. पुढे पिशव्या धरून रांगेत उभ्या पाच-सहा बायका, तोंडाला मास्क, माना खाली. एका मैत्रिणीने विचारलं, "त्यांना विचारलंस का रे, फोटो टाकायच्या आधी?" झालं! 'चांगलं काम करणाऱ्याचे पाय ओढायचे' इथून सुरुवात झाली. मी राहते इंग्लंडात, त्यामुळे तिची बाजू घेतल्यावर 'लेस्टरमध्ये बसून शहाणपण शिकवू नकोस' हेही ऐकून झालं.

मित्राचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. लपवालपवीनेच टीबी बदनाम झाला, लोकांसमोर या म्हणजे भीती मोडेल, असं तो म्हणतो. आणि किट हवेतच. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना पोषक शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातलं टीबीचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी घटलं. 2023 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. डाळ-तेल हे इथे औषधाच्या बरोबरीने लागतं. प्रश्न आहे तो, भीती मोडायची जोखीम कोणी उचलायची याचा. फ्लेक्सवरच्या पाहुण्याला घरी जाऊन कोणी काही विचारत नाही. पिशवीवालीला सासू विचारते.

माझ्या मावसबहिणीचं सासर पंचवटीत. तिला टीबी निघाला तेव्हा घरात भांडण नाही, तंटा नाही, सगळं गोडीत झालं. त्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर सासऱ्यांचं नाव कोरलेलं आहे. तिच्या ताटाच्या बुडाला मात्र लाल नेलपॉलिशचा ठिपका लागला, घासताना चुकून मिसळू नये म्हणून. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, पण नाव नोंदवलं की आशाताई घरी येणार आणि शेजारीण विचारणार. म्हणून ती नाशिकरोडला खासगी डॉक्टरकडे जायची आणि औषधंही तिकडूनच विकत आणायची. त्या डॉक्टरांनाही रुग्णाची नोंद करावीच लागते, 2012 पासून तसा नियमच आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. टीबीवरच्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी नारिंगी होते. वाड्यात संडास सामाईक, म्हणून ती पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची. खोकला सुरू झाल्यापासून तपासणीला जाईपर्यंत तिने चार महिने घालवले होते, तेही ह्याच धास्तीने. नणंदेचं लग्न जमत होतं ना!

ते चार महिने म्हणजेच कलंकाची खरी किंमत. उपचार नसलेला फुप्फुसाचा रुग्ण खोकत राहतो आणि त्याच्यापासून वर्षभरात दहा-पंधरा जणांना लागण होऊ शकते. औषधं नीट सुरू झाली की साधारण दोन आठवड्यांत हा धोका बहुतेकांच्या बाबतीत फार कमी होतो. म्हणजे ठिपका लागला तो नेमका धोका ओसरू लागल्यावर! आणि टीबी ताटा-वाटीतून पसरतच नाही, तो हवेतून पसरतो. मधेच गोळ्या सोडल्या तर औषधांना दाद न देणारा टीबी होण्याची भीती, ती वेगळीच.

गंमत म्हणजे हे जगाला दाखवून दिलं ते आपल्याच देशाने. 1956 मध्ये मद्रासला रुग्णांचे दोन गट केले: एक सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या खास रुग्णालयात, दुसरा घरीच, दाटीवाटीच्या वस्तीत, बेताच्या जेवणावर. औषधं दोघांना सारखीच. घरचे रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले आणि घरी राहिले म्हणून त्यांच्या कुटुंबीयांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. 1959 पासून हे निष्कर्ष येऊ लागले. चांगल्या हवेसाठी देवळालीला जाणाऱ्या पिढीला हे कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. आज तरी कुठे पटतंय?

इकडे इंग्लंडात सगळं आलबेल आहे असंही नाही. भारतातून सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला यायचं तर व्हिसाआधी छातीचा एक्स-रे काढावा लागतो, मीही काढला. इंग्लंडमधल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण पाचातले चार जण बाहेरच्या देशांत जन्मलेले असतात, त्यामुळे स्थलांतरितांवरचा राग काढायला टीबी बरा सापडतो. माझ्या ऑफिसात एकाला टीबी निघाला तेव्हा आम्हाला तपासणीचं पत्र आलं. कोणाला झालाय ते त्यात नव्हतं. आम्ही विचारूनही नर्सने सांगितलं नाही. तरी कॅन्टीनमध्ये नजरा वळल्या त्या आम्हा सावळ्या लोकांकडेच. आमच्या महाराष्ट्र मंडळातही टीबीचं नाव कोणी काढत नाही, 'छातीत जरा इन्फेक्शन' म्हणतात. पण त्या माणसाने उपचार पूर्ण केले, तेही फुकट. इथे टीबीच्या उपचाराला पैसे पडत नाहीत, व्हिसा कुठलाही असो. त्याचं नाव त्याने स्वतःहून सांगेपर्यंत आम्हाला कळलं नाही. लोकांची मनं बदललेली नव्हती, तरी त्याचं काही अडलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की मनं बदलायची वाट बघत बसू नका, आधी रुग्णाचं नाव झाका. बोलायचं की नाही, ते तिने ठरवावं. सरकारचे महिन्याचे पोषणाचे पैसे, आधी 500 आणि नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये, गाजावाजा न होता बँकेत जमा होतात. त्याचा फोटो निघत नाही म्हणून कोणाचं पोट भरायचं राहत नाही. किटही साध्या किराण्याच्या पिशवीतून जाऊ दे, फ्लेक्सशिवाय.

मित्राने उत्तर दिलं, "फोटो नसेल तर दाते येत नाहीत गं, हे तुला तिकडून नाही कळणार." ते मला कळतं. मी लिहिलं, मग दात्याचा काढ की, तांदळाच्या पोत्याशेजारी उभा करून. त्यावर अंगठ्याच्या इमोजी आल्या आणि पुढचा मेसेज गेट-टुगेदरच्या वर्गणीचा होता.