भावाचं प्रेम जुळवून देताना

ग्रुपमधला भाऊ प्रेमात पडला की आपली जबाबदारी वाढते. मुलीचं नाव कळायच्या आधीच तिला 'वैनी' म्हणायला लागा. ती कॉलेजच्या गेटातून आत आली की चौघांनी एका सुरात हाक मारायची. मान खाली घातली तर लाजली, रागाने बघितलं तर नखरे, रस्ता बदलला तर भावाची परीक्षा बघतेय. तोंडावर 'नाही' म्हणाली तरी धीर सोडू नका, पटेल हळूहळू.

भाऊ तिच्या क्लासपासून घरापर्यंत रोज गाडी मागे लावतो, ती काळजी. कायद्याने २०१३ पासून तो गुन्हा ठरवलाय, आता न्याय संहितेचं कलम ७८. पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत कैद, पण जामीन होतो. (दुसऱ्यांदा ५ वर्षांपर्यंत आणि गुन्हा अजामीनपात्र. हे भावाला सांगू नका, उगाच मूड जाईल.)

आणि समजा ती हो म्हणालीच, तर लाइव्ह लोकेशन चोवीस तास चालू, इन्स्टाचा पासवर्ड भावाकडे, आणि रात्री दीडला 'ऑनलाइन होतीस, मग रिप्लाय का नाही?' याला पझेसिव्ह असणं म्हणतात, मैत्रिणींनी हेवा करावा असं. एखादी थोबाडीत बसली तर जीव लावतो म्हणून चिडला. दुसऱ्या दिवशी तो रडेल, 'मी काहीतरी करून घेईन' म्हणेल. तेव्हा ग्रुपने लगेच फोन लावायचा. अर्थात तिला. 'वैनी, भाऊ कालपासून जेवला नाहीये ओ.'

एवढं करूनही ती सोडून गेली, तर भाऊ 'माझी नाही तर कुणाचीच नाही' असं स्टेटस ठेवेल. बदामाचा इमोजी टाका आणि झोपा. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटच्या भर चौकात एका तरुण प्राध्यापिकेला पेट्रोल टाकून पेटवलं, आठवड्याने ती गेली. जून २०२४ मध्ये वसईत भररस्त्यात एकीच्या डोक्यात पाना घातला, घालतच राहिला. तिथे लोकांनी शूटिंग तेवढं व्यवस्थित केलं. तुम्ही मोबाइल आडवा धरा, उभा व्हिडिओ बातम्यांत बरा दिसत नाही.

जून २०२३ मध्ये पुण्याच्या सदाशिव पेठेत मात्र सगळा विचका झाला. कोयता घेऊन एक भाऊ मुलीच्या मागे धावत होता, तर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं मध्ये पडली, कोयता धरला आणि मुलगी वाचली. असली आगाऊ पोरं ग्रुपमध्ये घेऊ नका.