दिवे गेले तिथं संपला

ऑफिसात डबा उघडला की पहिली पाच मिनिटं भाजीची चौकशी होते. मग कुणीतरी पोळीचा तुकडा हातात तसाच धरून माझ्याकडे वळतं, "काय मग, इतक्यात काय बघितलंस?" या प्रश्नाची मला धास्ती बसली आहे. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो, "कसा आहे?" आणि त्याच्याही पोटात तिसरा, "आम्ही बघू का?" या तिसऱ्याला चुकून हो म्हटलं की समोरच्याच्या अख्ख्या शनिवार रात्रीची जबाबदारी आपल्यावर. सोमवारी तोच माणूस लोणच्याची बाटली आपल्याला वगळून पुढे सरकवतो.

यावर मी एक उत्तर शोधून ठेवलं आहे, "वेगळा आहे." फार सोयीचा शब्द. स्थळ बघून आलेली मंडळी "मुलगा तसा वेगळा आहे" म्हणाली की घरातले काय ते समजतात आणि पुढची पत्रिका काढतात. "फोटोग्राफी छान आहे" म्हणजे मी मधे झोपलो होतो. "सगळ्यांचीच कामं चांगली" म्हणजे बायको बघत होती, मी मोबाइल बघत होतो. आणि कुणी "पुस्तक जास्त चांगलं होतं" म्हणालं तर त्याने दोन्हीला हात लावलेला नसतो.

खरी गोची अशी की घरी सिनेमा ‘बघितला’ हेच मुळात धाडसाचं विधान आहे. थिएटरात पैसे घेऊन, अंधार करून, दोन्ही बाजूंना अनोळखी गुडघे लावून बसवतात. उठायची सोय नसते, म्हणून सिनेमा पुरा होतो. आमच्या घरी एक सोफा, चार माणसं आणि सिनेमा ठरवण्यातच पाऊण तास जातो. बाबा प्रत्येक चित्रावर बोट ठेवून "हा गेला ना?" विचारतात. तो गेलेला नसतो. पण शोधून खात्री करेपर्यंत दहा वाजतात, आणि साडेदहाला मी जातो. म्हणजे झोपेत.

बाबा जिल्हा न्यायालयातून नाझर, म्हणजे कोर्टाचा पैसा आणि सामान सांभाळणारा अधिकारी, म्हणून निवृत्त झाले. चाळीस वर्षं कोर्टाचा रोजनामा, म्हणजे रोजच्या कामकाजाची नोंद, बघायची सवय, त्यामुळे घरी बघितलेल्या सिनेमांचीही नोंद ठेवतात. कुठल्याशा पतपेढीने दिलेली जुनी डायरी आहे, तिच्यात पट्टीने रेघा मारून रकाने पाडलेत: तारीख, चित्रपट, हजर, शेरा. मी कित्येकदा ‘हजर’मध्ये असतो आणि कंसात ‘10.40 पासून झोपेत’ असतो. ऑफिसात मी जे मत ठोकून देतो, ते पुष्कळदा सकाळी चोरून वाचलेल्या याच रकान्यातलं असतं, हे इथे कबूल करून टाकतो.

‘द ग्रेट इंडियन किचन’ हा 2021 सालचा मल्याळम सिनेमा बायकोने लावला होता. नवी सून, चिरणं, तळणं, उष्टी ताटं, गळणारं सिंक, आणि पुन्हा चिरणं. अर्ध्या तासानंतर माझ्या लक्षात आलं की बायको टीव्हीकडे बघतच नाहीये, ती माझ्याकडे बघतेय. मी अत्यंत एकाग्रतेने पडद्याकडे बघत राहिलो. आयुष्यात इतक्या जागेपणी मी एकही सिनेमा बघितलेला नाही. आई मधेच उठून गेली, कारण ओट्यावर भांडी पडली होती. ती घासून, ओटा पुसून परत आली तेव्हा सिनेमा संपत आला होता. "कसा वाटला?" म्हणून विचारलं तर म्हणाली, "त्यात काय आहे, ती बाई भांडीच घासत होती." बायकोने पुन्हा माझ्याकडे बघितलं. बाबांनी डायरीत लिहिलं, ‘शेरा: प्लंबर वेळेत बोलावला असता तर बराच वाद टळला असता.’

त्यानंतर महिनाभर आमच्याकडे फक्त हाणामारीचे सिनेमे झाले. माझीच निवड.

‘परफेक्ट डेज’ मात्र मी हौसेने लावला. दिग्दर्शक विम वेंडर्स जर्मन, सिनेमा जपानी, आणि त्यातल्या कोजी याकुशोला 2023 मध्ये कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. ही माहिती मी सुरुवातीलाच दिली. आई म्हणाली, "कानाला कसलं पारितोषिक?" पुढे तो माणूस बराच वेळ तोंडच उघडत नाही, नुसतं ऐकून घेतो, तेव्हा तिला ते पटलं.

याकुशोने रंगवलेला हा हिरायामा टोकियोत सार्वजनिक संडास साफ करतो. एवढीच गोष्ट. सकाळी उठतो, अंथरुणाची घडी घालतो, झाडांना पाणी मारतो, मशीनमधून कॉफीचा डबा घेतो आणि कामाला जातो. सिनेमातले संडास शिबुया भागात खरोखरच आहेत, मोठमोठ्या वास्तुरचनाकारांनी बांधलेले. त्यातला एक चक्क रंगीत काचेचा आहे. बाहेरून आतलं सगळं दिसतं, आत जाऊन कडी लावली की काच धूसर होते. आईने हातातला मटार खाली ठेवला. "आणि लाइट गेले तर?" याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. पुढे तो माणूस हातात छोटा आरसा धरून भांड्याची खालची बाजू तपासतो, तेव्हा आई बाबांकडे वळून म्हणाली, "बघा." एकच शब्द. बाबांनी पाय जवळ घेतले.

शेवटी बराच वेळ नुसता त्याचा चेहरा आहे. तो गाडी चालवतोय, हसतोय, डोळे भरून आलेत, पुन्हा हसतोय. आईने पदर डोळ्यांना लावला. "काय झालं गं?" "मला काय माहीत? तो रडत होता म्हणून." सिनेमाबद्दल याहून खरं मत मी ऐकलेलं नाही, पण ते ऑफिसात कसं सांगणार? बाबांचा शेरा होता, ‘कर्मचारी उत्तम. पदोन्नती नाही.’

या सिनेमाने माझं फार नुकसान केलं. मी बेसावध राहिलो आणि नाशिकच्या भाऊजींना फोनवर "जरूर बघा" म्हणून बसलो. वेगळा आहे म्हणालो नाही, जरूर म्हणालो. भाऊजी सगळं दीडपट वेगाने बघतात. व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाजी निरोप दीडपट, कीर्तन दीडपट, सिनेमाही दीडपट. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "बघितला. बरा आहे. पण तो माणूस फार घाईघाईत असतो हो! झपझप उठतो, झपझप घासतो, झाडाकडे बघतो न बघतो तोच निघाला. जपानी लोकांना निवांतपणा म्हणून नाहीच." मी हो म्हटलं. दोन तासांहून मोठा सिनेमा त्यांनी जेवणाआधी उरकला होता. मी तोंड उघडलं असतं तर तेही दीडपट ऐकलं असतं.

पण हे सगळं ‘कोर्ट’पुढे काहीच नाही.

कोर्टावरचे हिंदी सिनेमे बाबांना बघवत नाहीत. वकील ओरडत साक्षीदाराच्या अंगावर धावून गेला की ते आवाज बंद करतात. म्हणून म्हटलं, यांना चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ दाखवू. 2014 सालचं सुवर्णकमळ, पुढच्या वर्षी ऑस्करसाठी भारताची निवड. सुवर्णकमळ म्हटल्यावर बाबांनी अर्थातच "पहिलं ‘श्यामची आई’ला, मग मराठीत थेट पन्नास वर्षांनी ‘श्वास’ला" हे ऐकवलं आणि सरसावून बसले.

एका म्हाताऱ्या शाहिरावर खटला आहे, की त्याच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. खटला चालतो म्हणजे तारखा पडतात. कॅमेरा एका जागी ठेवलेला. माणसं येतात, बोलतात, निघून जातात, तरी कॅमेरा तिथंच. आई म्हणाली, "नेट गेलं का रे?" मी म्हटलं, सिनेमाच तसा आहे. "मग हलत का नाही?" आणि बाबा त्या रात्री पहिल्यांदा माझ्या बाजूने बोलले, "कोर्ट आहे ते. हलत नसतंच."

मग ते खुलले. बिनबाह्यांचा पोशाख घालून आलेल्या बाईचं प्रकरण न्यायाधीश त्या दिवशी ऐकायचंच नाकारतात, तिथं बायको उसळली. बाबा शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे एक होते असे." सरकारी वकीलबाई, म्हणजे गीतांजली कुलकर्णी, काम संपवून मुलाला घेऊन घरी जाते आणि स्वयंपाकाला लागते. आई हळहळली, "हिला घरी कोणी हातभार लावत नाही." बायकोने माझ्याकडे बघितलं. मी पाणी आणायला उठलो.

(पुढे शेवट सांगतोय. ज्यांनी बघितला नसेल त्यांनी सोडून द्यावं. पण इतकी वर्षं झाली, आता काय बघणार आहात.)

तर, कोर्टाला मोठी सुट्टी लागते, माणसं पांगतात, दालनातले दिवे घालवले जातात आणि पडदा काळा होतो. काळाच राहतो. मी तांब्या घेऊन बाहेर आलो तोवर बाबांनी रिमोटचं लाल बटण दाबलं होतं. चेहऱ्यावर असं समाधान, की निवृत्तीच्या सत्कारातही दिसलं नव्हतं. "वा! काय संपवलाय!"

"बाबा, अहो, अजून आहे."

"अजून काय राहिलंय? सुट्टी लागली, दिवे गेले."

मी 2015 साली थिएटरात बघितलेला. त्यानंतर न्यायाधीश कुटुंबासह सहलीला जातात, बाकावर डुलकी काढतात, पोरं कानाशी ओरडून त्यांना उठवतात, ते एकाच्या थोबाडीत देतात आणि पुन्हा झोपी जातात. हे मी सांगू लागलो, पण डायरीत नोंद झाली होती: ‘दिवे मालवले. कामकाज संपले. अत्यंत वास्तव.’ एकदा शाईने लिहिलेलं बाबा खोडत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून बागेतल्या कट्ट्यावर त्यांनी सिनेमाची अशी काही तारीफ केली की चार-पाच पेन्शनरांनी नातवंडांकडून तो लावून घेतला. आठवड्याने एकांचा फोन आला. आवाज इतका मोठा की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. "अहो, तुमच्या सिनेमात जज पोराच्या मुस्काटीत मारतात की हो!"

"आमच्यात नाही मारत," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

शेवटी रविवारी दुपारी मी त्यांना धरून बसवलं आणि तेवढाच भाग लावला. दिवे गेले, अंधार झाला, अंधार सरला. सहल आली, डुलकी आली, थप्पड आली. बाबा एकटक बघत होते. नावं वर सरकू लागली तेव्हा मी डायरी आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पेनाला टोपण घालून ते माझ्या खिशात खोचलं.

"सुट्टीतलं आहे ते," म्हणाले, "रोजनाम्यात येत नाही."